बिनतारी उष्णतामापकाचा पल्ला

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या कित्येक सभासदांच्या घरीं एक नवें यंत्र आलें आहे. पोलादाची वीतभर सळई, तिला जोडलेली दोन-अडीच हात तार, तारेच्या टोकाशीं तळहाताएवढी एक पेटी, आणि या पेटीशीं तारेवांचून बोलणारी दुसरी पेटी, जिच्या कांचेवर उष्णतेचा आंकडा दिसतो. हें यंत्र शेतकऱ्यांकरितां निघालेलें नाहीं. अमेरिकेंत मांसाचा मोठा तुकडा झांकणाच्या लोखंडी भट्टींत मंद आंचेवर दहा-बारा तास भाजण्याची चाल आहे. भट्टी अंगणांत आणि यजमान घरांत. दर घटकेस उठून झांकण उघडावें लागूं नये म्हणून हें निघालें. आपल्याकडे तें पिल्लांच्या ब्रूडरमध्यें, खताच्या ढिगांत, गवताच्या गंजींत आणि क्वचित् गुऱ्हाळावरहि शिरलें आहे. यंत्र उपयोगाचें आहे यांत शंका नाहीं. परंतु खोक्यावर छापलेला पल्ला शेतावर पुरत नाहीं, अशी तक्रार बहुतेकांची आहे. आणि ती तक्रार केवळ गैरसोयीची नव्हे, हें दाखविण्याकरितां आमच्याच घरची हकीकत प्रथम सांगतों.

आम्ही महसूल खात्यांतील कारकुनींतून मोकळे झाल्यापासून ठाकूरद्वार येथील चाळींतल्या खोलींतच राहतों. अलिबाग तालुक्यांतील वडिलार्जित जमीन आमचा पुतण्या पाहतो. जानेवारी २०२५ मध्यें त्यानें एक दिवसाचीं २०० पिल्लें आणलीं. पिल्लांची शेड घरापासून सहा साखळ्यांवर, म्हणजे सुमारें २०० फुटांवर आहे. यंत्राच्या खोक्यावर ३०० फूट पल्ला छापलेला होता, तेव्हां काळजीचें कारण दिसेना. सळई पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर बांधून ऐकणारी पेटी त्यानें घरांत उशाशीं ठेवली. रात्रीं निजतांना कांचेवर ९३ अंश फॅरनहाइट होते. पहिल्या आठवड्यांत पिल्लांना ९५ च्या आसपास ऊब लागते, म्हणजे सर्व ठीक. पहाटे चारला जाग आली, पाहिलें, ९३. तो पुन्हां निजला. उजाडल्यावर शेडचें दार उघडलें तेव्हां होल्डरांतील तार सुटून दिवे विझलेले, आणि पिल्लें एका कोंपऱ्यांत एकावर एक रचलेलीं. ६३ मेलीं, त्यांतलीं बहुतेक गारठून नव्हे, तर उबेसाठीं एकमेकांखालीं शिरतांना चेंगरून मेलीं.

"काका, आंकडा तर बरोबर होता!" एवढेंच तो फोनवर पुन्हां पुन्हां म्हणत होता.

आंकडा बरोबर नव्हता. तो शिळा होता. हें आम्हांला पुढें दोन दिवसांनीं, शेडवर जाऊन पडताळा घेतला तेव्हां कळलें. शेडचें दार उघडें असेपर्यंत पेटीचा शब्द घरापर्यंत पोंचत होता. रात्रीं पुतण्यानें पत्र्याचें दार ओढून घेतलें, आणि त्याच क्षणापासून पोंचेनासा झाला. घरांतल्या पेटीनें मात्र शेवटचा ऐकलेला आंकडा तसाच कांचेवर धरून ठेवला. सगळ्याच पेट्या असें करीत नाहींत. चांगल्या पेट्या संबंध तुटला कीं आंकड्याऐवजीं रेघा दाखवितात व ओरडतात. विकत घेतांना दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारावा: संबंध तुटला तर ही पेटी काय करते? पल्ला किती, हा प्रश्न त्याच्या मागाहून.

आतां पल्ल्याकडे वळूं. पल्ला हा पेटीच्या अंगचा गुण आहे असें आपण समजतों, कारण तो खोक्यावर बैलाच्या वयासारखा एका आंकड्यांत लिहिलेला असतो. वस्तुतः बोलणारी पेटी, ऐकणारी पेटी आणि मधली वाट या तिघींनीं मिळून तो ठरतो. आणि खोक्यावरचा आंकडा मोकळ्या मैदानांत, मध्यें कांहीं नसतां मोजलेला असतो. बिनतारी लहर कंदिलाच्या उजेडाच्या जातीचीच आहे. अंतर दुप्पट झालें कीं पोंचणारी शक्ति चौथाई होते. म्हणून नुसती शक्ति वाढवून पल्ला दुप्पट करावयाचा तर चौपट शक्ति हवी. याउलट वाटेंतला एक पत्रा दूर केला तर तेवढाच लाभ फुकट पदरांत पडतो. ज्यांनीं मोजणीच्या वेळीं झेंड्या रोंवल्या असतील त्यांस अधिक सांगणें नको: एका झेंडीवरून दुसरी दिसली पाहिजे. फरक इतकाच कीं, ही लहर कांहीं आडोशांतून पार जाते आणि कांहींतून जात नाहीं, आणि कोणत्या आडोशांतून जाते तें डोळ्यांच्या अंदाजानें कळत नाहीं.

उदाहरणार्थ, कुडाची भिंत, कोरडें लांकूड, प्लास्टिकचा कागद, कौलें यांतून ती सहज जाते. विटांच्या किंवा चिऱ्याच्या भिंतींत कांहीं अंश हरवतो; पावसांत भिजलेल्या चिऱ्यांत त्याहून पुष्कळ हरवतो, कारण पाणी या लहरींना शोषतें. त्याच कारणास्तव भाताच्या पोत्यांची थप्पी, हिरव्या केळींची रांग किंवा मध्यें उभें असलेलें जनावर हींहि आडकाठी करतात. पत्र्यांतून मात्र ती मुळींच जात नाहीं, परतते. आणि ज्याची कोणासहि शंका येत नाहीं तो मोठा चोर म्हणजे कोंबड्यांची जाळी. जाळीला भोंकें असल्यामुळें आपल्याला ती मोकळी वाटते. वारा जातो, उजेड जातो. परंतु आमच्या पेटीची लहर सुमारें ६९ सेंटिमीटर लांबीची, आणि जाळीचें भोंक अर्ध्या इंचाचें. लहरीच्या मानानें भोंक इतकें लहान असलें कीं ती जाळी तिला पत्र्यासारखीच भासते. आमच्या पुतण्याच्या शेडला वर पत्रा, बाजूंना जाळी आणि पत्र्याचें दार. उघड्या दाराच्या फटींतून जें निसटत होतें तेवढ्यावरच ९३ चा आंकडा घरापर्यंत आला होता.

लहरीच्या लांबीचा उल्लेख आला म्हणून येथें आमच्या वस्तीजवळची एक जुनी गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२ या काळांत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुंबईंत काँग्रेस रेडिओ गुप्तपणें चालविला. पोलिसांना सुगावा लागूं नये म्हणून यंत्र एका घरांतून दुसऱ्या घरांत हलवीत असत. त्या घरांत चौपाटीवरचें सी व्ह्यू होतें, तशी गिरगांवांतील पारेखवाडीहि होती. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं तीं मंडळी पकडलीं गेलीं. त्यांची लहर ४२.३४ मीटरची होती, आणि तो आंकडा ते रोज आरंभीं सांगत, म्हणजे ऐकणाऱ्यांनीं आपला रेडिओ त्यावर लावावा. एरियलच्या साध्या उभ्या तारेची लांबी लहरीच्या चतुर्थांशाएवढी असली म्हणजे ती नीट काम देते. ४२.३४ मीटरचा चतुर्थांश साडेदहा मीटरांहून थोडा अधिक, म्हणजे तीन मजली चाळीच्या उंचीएवढा. तो लपवावयाचा म्हणजे केवढें संकट! आमच्या पेटीचा चतुर्थांश १७.३ सेंटिमीटर, पावणेसात इंचांहून किंचित् अधिक. नियम तोच, माप निराळें.

या नियमाचा उपयोग पुढें सांगतों. आधीं आम्हीं चाळींत घेतलेला पडताळा. ठाकूरद्वारहून लॅमिंग्टन रोड पायीं जाण्याच्या अंतरावर आहे, आणि रेडिओच्या सुट्या भागांची दुकानें तेथें पिढ्यानुपिढ्या आहेत. तेथून तशीच एक जोडी आणून बोलणारी पेटी आम्हीं प्रथम जुन्या लोखंडी ट्रंकेंत घातली, सळईची तार झांकणाच्या फटींतून बाहेर काढली. गॅलरीच्या टोकाशीं जाण्यापूर्वींच आंकडा बंद. तीच पेटी ट्रंकेवर ठेवली, तर जिना उतरून वाडीच्या तोंडापर्यंत आंकडा मिळाला. तीच पेटी गॅलरीच्या कठड्याबाहेर काठीला बांधून धरली, तर रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर मिळाला. शेजारच्या मुलांनीं "आजोबा मासे पकडतात" असा पुकारा केला, पण एका दमडीच्या खर्चावांचून पल्ला कित्येक पटींनीं वाढला हें त्यांनाहि दिसलें.

तेव्हां पहिला आणि सर्वांत मोठा उपाय पेटीची जागा हाच होय. सळईला दोन-अडीच हात तार दिलेली असते ती याचसाठीं. सळई आंत राहूं द्यावी. पेटी पत्र्याच्या व जाळीच्या बाहेर, घराच्या बाजूस, प्लास्टिकच्या डब्यांत घालून बांबूवर पुरुषभर उंचीवर टांगावी. डब्याचें तोंड खालीं ठेवावें म्हणजे पाऊस आंत जाणार नाहीं. उंचीला महत्त्व आहे. जमिनीलगत ठेवलेल्या पेटीची लहर गवतांत व मातींतच बरीच जिरते. गुडघ्यावरून डोक्याच्या उंचीवर नेतांच फरक पडतो. घरांतली पेटीहि उशाशीं न ठेवतां शेडच्या बाजूच्या खिडकींत ठेवावी, खिडकीला लोखंडी गज असल्यास गजांपुढें टांगावी. दोन्ही पेट्या सारख्याच उभ्या असाव्या. एक उभी व एक आडवी असली तर ऐकणारीच्या हातीं थोडकेंच लागतें.

आमच्या पुतण्याची तार जाळीबाहेर पोंचण्यास दीड हात तोकडी होती. त्यानें ती तोडून मध्यें दुसरी तार जोडण्याचा विचार केला होता. आम्हीं मोडता घातला. सळईच्या तारेंत उष्णतेची मोजणी चालते, वाईट सांध्यानें आंकडाच खोटा होण्याचा संभव असतो. त्याऐवजीं ब्रूडरच भिंतीच्या बाजूस सरकविला.

दुसरा उपाय ऐकणाऱ्या पेटीच्या एरियलचा. या पेट्या लहान दिसाव्या म्हणून आंत तारेचें स्प्रिंगसारखें वेटोळें बसवितात. तें सरळ तारेपेक्षां कमी ऐकतें. पेटीच्या पाठीवर ४३३ किंवा ४३३.९२ हा आंकडा असेल तर वेटोळें काढून त्याच ठिकाणीं १७.३ सेंटिमीटर लांबीची सरळ तांब्याची तार झाळून घेतां येते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराचें हें पंधरा मिनिटांचें काम आहे. तार पेटीबाहेर सरळ उभी राहिली पाहिजे, गुंडाळून ठेवूं नये. येथें एक गैरसमज फार आढळतो. तार जितकी लांब तितका पल्ला मोठा असें समजून आमच्या माहितींतील एका गृहस्थांनीं कपडे वाळत घालण्याची दहा हात तार जोडली. पूर्वीं मिळत होतें तेंहि गेलें. लांबी लहरीच्या मापाची हवी, हौसेच्या मापाची नव्हे.

बोलणाऱ्या पेटीला मात्र आंतून हात लावूं नये, आणि बाजारांत मिळणारें शक्तिवर्धक तिला जोडूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. ४३३ च्या आसपासचा पट्टा अल्प शक्तीच्या यंत्रांस परवान्यावांचून मोकळा ठेवलेला आहे, पण तो शक्तीची मर्यादा घालूनच. ती मर्यादा ओलांडली कीं सवलत उरत नाहीं; आणि त्याच पट्ट्यांत गाड्यांच्या किल्ल्या, फाटकांची यंत्रें व शेजाऱ्याचाहि उष्णतामापक बोलत असतो. जन्मभर हद्दीच्या खुणांचे तंटे पाहिलेल्या माणसास हें चटकन पटतें.

हद्दीवरून दुसरी सूचना. न्यू जर्सी येथील आमच्या एका आप्तानें त्या अपघातानंतर मोठ्या प्रेमानें तिकडचा एक उंची उष्णतामापक बॅगेंतून आणून दिला. पल्ला फार मोठा, बांधणी उत्तम; परंतु पाठीवर ९१५ मेगॅहर्ट्झ असा आंकडा. अमेरिकेंत ९०२ ते ९२८ हा पट्टा अशा यंत्रांना मोकळा आहे. आपल्या देशांत तसा नाहीं. ८९० ते ९१५ हा तर मोबाइल फोनांनीं मनोऱ्याकडे बोलण्याचा पट्टा आहे. तें यंत्र कपाटांत पडून आहे. आपल्याकडे २००५ सालीं ८६५ ते ८६७ हा पट्टा परवान्यावांचून मोकळा झाला, आणि त्यांत शक्तीची मर्यादाहि बरीच सैल आहे. ज्यांस घरापासून अर्ध्या-एक कोसावरच्या शेडची किंवा कांद्याच्या चाळीची उष्णता घरीं पाहावयाची असेल त्यांनीं भट्टीच्या उष्णतामापकाची ओढाताण न करतां या पट्ट्यांतलीं, लोरा नांवाच्या पद्धतीचीं यंत्रें घ्यावीं. तीं हळू बोलतात, थोडेंच बोलतात, पण मधली वाट मोकळी असेल तर कोसभर ऐकूं येतात. पाठीवरचा आंकडा वाचल्यावांचून कोणतेंहि बिनतारी यंत्र परदेशाहून मागवूं नये.

ब्लूटूथच्या जातीच्या सळया निराळ्या. त्यांत तार नसते, बोलणारें यंत्र सळईच्याच मुठींत असतें आणि ऐकणारी पेटी म्हणजे आपला मोबाइल. दिसावयास सुटसुटीत, पण जें काय बोलावयाचें तें पत्र्याच्या आंतूनच, आणि लहर अवघी साडेबारा सेंटिमीटरची. जाळीचें भोंक तिच्याहि मानानें लहानच. अशा सळईला मध्यस्थ द्यावा लागतो. कित्येक सळयांची ठेवण्याची डबीच ऐकून पुढें सांगण्याचें काम करते. ती शेडच्या दाराबाहेर टांगावी. नाहीं तर एखादा जुना मोबाइल शेडच्या बाजूस चार्जरवर ठेवून त्याच्याकडून वायफाय किंवा मोबाइलच्या जाळ्यानें आंकडा पुढें पाठवितां येतो. परंतु दिवे विझतात तेव्हां पुष्कळदां वीजच गेलेली असते, आणि वीज गेली कीं घरचें वायफायहि जातें, हें विसरूं नये. सेलवर चालणाऱ्या साध्या दोन पेट्यांचा येथें मोठा आधार आहे.

सेलांवरून आठवलें. पल्ला एकाएकीं घटला तर प्रथम सेल पाहावे. किनाऱ्याच्या हवेंत सेलांच्या टोंकांवर हिरवट बुरशी चढते; ती कोरड्या फडक्यानें पुसून काढावी. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर व सौर पंपाचीं नियंत्रणयंत्रें यांतून एक प्रकारचा बिनतारी गोंगाट निघतो. ऐकणारी पेटी त्यांच्या शेजारीं ठेवली तर तिला दूरचा शब्द ऐकूं येत नाहीं. दोन हात बाजूस सरकविली तरी पुरतें.

सळईचाहि पडताळा वर्षांतून एकदां घ्यावा. ठेंचलेल्या बर्फाच्या पाण्यांत ती ३२ अंश, म्हणजे सेल्सिअसचें शून्य, दाखवील; समुद्रकांठीं उकळत्या पाण्यांत २१२, म्हणजे १०० सेल्सिअस. महाबळेश्वरीं कोणी हा प्रयोग केला व ९५-९६ सेल्सिअसच दिसले तर सळईस दोष देऊं नये, उंचीवर पाणी लवकर उकळतें. आणि सळई उघड्या जाळांत घालूं नये. गेल्या पोपटीच्या वेळीं आमच्या घरच्या तरुण मंडळींनीं वालाच्या शेंगांत खोंचून ती मडक्याबरोबर जाळांत दिली. शेंगा उत्तम झाल्या, तार जळाली.

आतां शेवटचें, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें काम. पेटी बाहेर टांगली, तार बदलली, पल्ला वाढला. तरी कांचेवरचा आंकडा जिवंत आहे कीं शिळा, हें रोज रात्रीं पाहिलें पाहिजे. आमचा पुतण्या आतां असें करतो. शेडचीं सगळीं दारें रोजच्यासारखीं लावून झाल्यावर घरांतल्या कोणास तरी पेटीजवळ बसवितो. स्वतः शेडच्या आंत दार लावून घेऊन सळई गार पाण्याच्या पेल्यांत बुडवितो. मिनिटभरांत घरांतला आंकडा उतरला पाहिजे. उतरला तर सळई पुसून पुन्हां जागेवर बांधतो, आणि आंकडा पूर्ववत् चढेपर्यंत घरचें माणूस पेटीपुढून उठत नाहीं. दार उघडें ठेवून घेतलेला पडताळा व्यर्थ आहे, हें त्याला सांगावें लागत नाहीं. खालची सूचना ८८ अंशांवर लावलेली असते, म्हणजे पहिल्या आठवड्यांत ऊब तेवढी उतरली कीं पेटी ओरडते. पुढें दर आठवड्यास पांच अंश ऊब कमी करावयाची असते, तेव्हां ही सूचनाहि तितकीच खालीं आणतो.

नोव्हेंबर २०२५ मध्यें त्यानें १५० पिल्लांची खेप घेतली. नवव्या रात्रीं अडीच वाजतां वीज गेली. पेटी तीन वाजण्याच्या सुमारास ओरडली. घमेल्यांत निखारे व वर मातीचें झांकण अशी शेगडी शेडमध्यें नेऊन, वर हवा खेळती ठेवून, तो सकाळपर्यंत तेथेंच बसला. त्या खेपेंत एकंदर सात पिल्लें गेलीं, त्या रात्रीं एकहि नाहीं. ऐकणारी पेटी अजून खिडकींत गजांपुढें टांगलेली आहे. घरांतल्या मंडळींना पडदा लावतां येत नाहीं म्हणून कुरकुर चालू असते.